न कापलेली चाळीस मिनिटं

१

"ही क्लिप सलग आहे. कुठेही कापलेली नाही, कुठेही जोडलेली नाही."

एवढं लिहून कात्रीनं खाली सही ठोकली. आपण खरं तेच लिहिलं, म्हणून तिला बरंसुद्धा वाटलं. आणि तासाभरात त्याच कागदाच्या जोरावर पोलिसांनी तिच्या सख्ख्या धाकट्या भावाला दंडाला धरून जीपमध्ये बसवलं.

काका मेले होते. काका म्हणजे तिचे नात्यातले कुणी नव्हेत, स्टुडिओचे मालक. पण झाडूवालीपासून पाहुण्यांपर्यंत सगळे त्यांना काकाच म्हणायचे. रोज चारच्या ठोक्याला चहाचा पेला घेऊन मागच्या जिन्यानं गच्चीवर जायचं, हा त्यांचा वीस वर्षांचा नेम. त्या दिवशीही गेले, आणि चार चाळीसला त्याच जिन्याच्या तळाशी सापडले. बावीस पायऱ्या आणि खाली फरशी. शर्टाचं वरचं बटण मात्र तुटून सगळ्यात वरच्या पायरीवर पडलेलं होतं, दोरा ओढून निघालेला.

"पाय घसरला तर बटण तुटत नाही," इन्स्पेक्टर म्हणाले. "कुणीतरी छातीला धरून ढकललंय."

बाहेरून आलेल्या दोन निवेदिका सोडल्या तर मजल्यावर तेव्हा चौघंच होती. एक स्वतः कात्री, स्टुडिओची एडिटर; दुसऱ्याचं लांबण दिसलं की काटछाट करायला हात शिवशिवायचे, म्हणून हे नाव पडलं. दुसरा तिचा भाऊ, कॅमेरामन, स्वभावानं इतका संथ की त्याला सगळे निवांतच म्हणत. तिसरा आवाजाच्या खोलीतला कानसेन. आणि चौथा काकांचा पुतण्या तुफान, जो जेवायचा उभ्यानं आणि बोलायचा पळता पळता.

कानसेन दोन निवेदिकांसोबत तीनपासून साडेचारपर्यंत दार लावून रेकॉर्डिंग करत होता. पॅसेजमधल्या पहाऱ्याच्या कॅमेऱ्यात चार वाजता काका गच्चीकडे जाताना दिसले. चार बाराला निवांत त्यांच्यामागे गेला आणि चार सोळाला परत आला. बाकी तिकडे कुणी फिरकलं नाही. तुफानच्या खोलीचं मागचं दार त्याच जिन्यावर उघडायचं, हे खरं. पण तुफान तीन पन्नासला खोलीत शिरला तो स्वतःवर कॅमेरा लावून बसला होता. दिव्यांची चाचणी, म्हणे. खुर्चीत बसून त्यानं कागद वाचले, खुणा केल्या, आणि साडेचारला पॅसेजमध्ये बाहेर आला. क्लिप बरोबर चाळीस मिनिटांची.

आणि कात्रीनं ती फ्रेम न् फ्रेम तपासून दिली होती. सकाळी निवांत काकांवर ओरडला होता, हे तर सगळ्या मजल्यानं ऐकलं होतं.

राहिला कोण मग?

२

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस ठाण्यात पाच मिनिटांची भेट मिळाली. निवांत बाकावर बसला होता. त्याच्या बुटांच्या नाड्या काढून घेतल्या होत्या. लहानपणापासून कात्री त्याच्या मागे लागायची, आवर ना रे, उरक ना रे.

"ताई, मी फोन केला होता तुला," तो म्हणाला. "चार दहाला."

"कानाला हेडफोन होते रे."

"विचारणार होतो, काकांची माफी मागायला जाऊ का म्हणून. सकाळी फार बोललो मी. पण त्या माहितीपटातलं सगळं चित्रण माझं आहे ताई, आणि तुफाननं तो महोत्सवाला स्वतःच्या नावावर पाठवला. काका ऐकूनच घेईनात." त्यानं खाली बघितलं. "तू उचलला नाहीस, मग मी आपला गेलो. वरच्या वळणापर्यंत पोचलो तर काका कुणाशी तरी बोलत होते. म्हणाले, 'पाच वाजता मी त्यांना फोन करणार म्हणजे करणार.' तिसऱ्या माणसासमोर कशाला माफी मागा, म्हणून उतरलो."

"कुणाशी बोलत होते?"

"दुसरा आवाज नाही आला."

दाराशी इन्स्पेक्टर उभे होते, उजवा गुडघा चोळत. जाडजूड माणूस, चालायचे इतके हळू की कानसेननं पहिल्याच दिवशी त्यांचं नाव बैलगाडी ठेवलं होतं.

"काकांचा फोन खाली टेबलावर होता," ते म्हणाले. "म्हणजे फोनवर बोलत नव्हते."

"बघा! म्हणजे वर कुणीतरी होतं साहेब!"

"तुमच्या भावाच्या म्हणण्यानुसार होतं." त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. तिची सही आरपार दिसत होती. "तुमच्या या कागदानुसार कुणीच नव्हतं. दुपारी चारला याला कोर्टात उभं करायचंय, बाई."

आपल्याच हातानं आपण भावाला बांधून दिलं, हे कात्रीला आत्ता लख्ख दिसलं.

३

इन्स्पेक्टर तिच्यासोबत स्टुडिओत आले. लिफ्ट बंद होती. प्रत्येक पायरीवर थांबत, आकडा पुटपुटत तिसऱ्या मजल्यावर पोचायला त्यांना दहा मिनिटं लागली. तिला वाटलं, ओरडावं: अहो, चारला कोर्ट आहे!

एडिटिंगच्या खोलीत तिनं क्लिप लावली. खुर्चीत तुफान, समोर टेबल, मागे खिडकी. खिडकीबाहेर समोरच्या औषधाच्या दुकानाची हिरवी पाटी उघडझाप करत होती. तुफान कागद उलटत होता, पेन चालवत होता.

"आवाज नाही याला?"

तेवढ्यात टेबलावरच्या डबीतून कुणीतरी खाकरलं आणि कात्री दचकून अर्धी उठली.

"घाबरू नकोस गं, मीच," डबी म्हणाली. कानसेन पलीकडच्या खोलीतून बोलत होता. दोन खोल्यांमध्ये बोलायला ती डबी होती. बटण दाबलं की लाल दिवा लागायचा आणि इकडचं सगळं तिकडे ऐकू जायचं. कालपासून ते चालूच राहिलं होतं. "साहेब आलेत वाटतं. येतो."

कात्रीनं बटण बंद केलं. कानसेन आला तो तोंड वाकडं करूनच. "आवाज नाही कसा? माईक बंद होता म्हणतो तुफान. अहो, रिकाम्या खोलीचाही आवाज असतो! त्या कॅमेऱ्याला स्वतःचे कान आहेत, ते बंद करता येत नाहीत. पण माझं कोण ऐकतंय?"

"काकांशी तुमचं बरं होतं?"

"वीस वर्षं भांडलो." मग कानसेन बाहीनं डोळे पुसून म्हणाला, "आता कुणाशी भांडू?"

तुफान आला तो वाऱ्यासारखा. बसला नाही. एका दमात सगळं सांगून मोकळा झाला: माईक विसरला, चुकलं, क्लिप मात्र पूर्ण आहे, कात्रीनं पाहिलीय, विचारा तिला. काकांचं नाव निघालं तेव्हा त्यानं घड्याळात बघितलं.

"कॅमेऱ्यात वेळ नोंदलेली नाही?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

"जुना आहे हो. बॅटरी काढली की घड्याळ शून्यावर जातं. जाऊ मी?"

तो गेल्यावर इन्स्पेक्टर बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. पडद्यावरच्या तुफाननं पान उलटलं. त्याच्या कोपरानं पेन टेबलावरून ढकललं गेलं, खाली पडलं, आणि त्यानं वाकून उचललं.

"हा मुलगा जेवतो किती वेळात?"

"तीन मिनिटांत. का?"

"इथे किती शहाण्यासारखा बसलाय." ते कष्टानं उठले. "आणि ते पेन. माझ्या गुडघ्याला शोभेल अशा वेगानं पडलं. तुम्ही या क्लिपमध्ये काय शोधलंत, बाई?"

"काप. जोड. दुसरं काय शोधणार?"

"हं. मी खाली जीपमध्ये बसतो. काही सापडलं तर हाक मारा."

त्यांची पावलं पॅसेजमध्ये विरली. कात्रीनं पेन पडतं तिथं क्लिप मागे घेतली, पुन्हा लावली. मग तिची नजर तुफानच्या डोळ्यांवर गेली. तो पापणी मिटत होता ती एखाद्या कासवासारखी, आरामात, आणि तितक्याच आरामात उघडत होता. असं कुणी डोळे मिचकावत नाही.

४

घड्याळात सव्वादोन झाले होते.

चित्र हलतं म्हणजे काय, फोटोंची माळच की ती. तुफानच्या क्लिपमध्ये सेकंदाला पंचवीस फोटो, पॅसेजच्या स्वस्तातल्या कॅमेऱ्यात पंधरा. तिनं दोन्ही क्लिपा सॉफ्टवेअरमध्ये एकाखाली एक लावल्या. पॅसेजच्या टोकाच्या भिंतीवरही औषधाच्या दुकानाची हिरवी झाक पडायची. एकच पाटी, दोन कॅमेरे. उघडझाप जुळायला हवी.

जुळेना.

वरच्या क्लिपमध्ये पाटी एकदा लागेपर्यंत खालच्या क्लिपमध्ये ती दोनदा लागत होती. कात्रीला आधी रडूच फुटलं. ही तर नवशिक्यांची चूक! पंधराची क्लिप पंचविसाच्या हिशेबात बसवली की ती पळत सुटते, हे ती स्वतः इतरांना शिकवायची. आपलंच काहीतरी चुकलं असणार.

पण मग तिनं नाक पुसलं आणि नीट पाहिलं. पहाऱ्याच्या कॅमेऱ्यात कोपऱ्यात सेकंदांचं घड्याळ छापलेलं असतं. ते तिच्या मनगटावरच्या घड्याळाशी सेकंदासेकंदाला जुळत होतं. म्हणजे खालची क्लिप खरी. शिवाय पंधरा-पंचवीसची गफलत असती तर फरक पावणेदोनपटीच्या आतबाहेर निघाला असता. हा निघत होता बरोबर दुप्पट. इतकी साफ दुप्पट चुकून होत नाही.

ती धावत खिडकीशी गेली. पाटी समोर होती. लागली, विझली, लागली. दर दोन सेकंदांनी. तुफानच्या क्लिपमध्ये दर चार सेकंदांनी.



क्लिप मंद होती! कॅमेऱ्याला सेकंदाला पन्नास फोटो काढायला सांगायचं आणि फाइल पंचविसाचीच बनवायची. लग्नात फुलं उधळतानाचं संथ चित्रण नाही का करत, तेच. कॅमेरा ते स्वतःच करतो, बाहेर काहीही कापावं लागत नाही. फक्त त्या वेळी तो आवाज घेत नाही. वीस मिनिटं बसलं की चाळीस मिनिटांची क्लिप तयार! एरवी कुणीही ओळखलं असतं. पण तुफान मुळातच दुप्पट वेगानं वागणारा माणूस, त्याचा अर्धा वेग म्हणजे इतरांचा नेहमीचा वेग. हात त्यानं पळवले असतील. पापणी आणि पडणारं पेन कुठून पळवणार?

आणि ती, नावाचीच कात्री, काप शोधत बसली. ताणलेलं शोधायचं तिच्या डोक्यातही आलं नाही.

तिनं क्लिपचा स्पीड दोनशे टक्के केला. टाइमलाइनवरची लांब पट्टी आक्रसून अर्धी झाली. वीस मिनिटं. हिरव्या पाटीची उघडझाप वरखाली तंतोतंत जुळली. तीन पन्नास ते चार दहा. त्यापुढे साडेचारपर्यंत तुफान त्या खोलीत होता याला पुरावा म्हणून काही नव्हतं, आणि मागचं दार जिन्यावर उघडत होतं.

फोन कुठाय? साहेबांना हाक मारायला हवी. ती फोनसाठी वळली.

दारात तुफान उभा होता.

"एवढी का धावत होतीस खिडकीकडे?" त्यानं विचारलं.

५

तिचा हात टेबलावर होता. बोटांखाली ती डबी होती. बटण कधी दाबलं, हे तिला नंतरही आठवलं नाही. लाल दिव्यावर तळहात झाकून ठेवला, एवढं आठवतं.

"काही नाही. जरा मोकळी हवा."

तुफान पुढे आला. पडद्याकडे बघितलं. पट्टी, तिच्याखाली आकडा. "वीस मिनिटं?" तो हळूच म्हणाला. त्याला हळू बोलताना तिनं कधी ऐकलं नव्हतं. मग तो मागे गेला आणि त्यानं दाराची किल्ली फिरवली.

ओरडून उपयोग नव्हता, ही खोली बांधलीच होती आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

"कुणाला सांगितलंस?"

"कु... कुणालाच नाही."

"बरं केलंस." त्यानं टेबलामागून एक केबल उपसली आणि मुठीभोवती गुंडाळू लागला. "पुसून टाक ते. भावाचं काय, आज ना उद्या सुटेल. पुरावा आहेच कुठे?"

"तू वर गेला होतास," ती म्हणाली. बोलत राहायला हवं, एवढंच तिला कळत होतं. "काका पाच वाजता महोत्सववाल्यांना फोन करणार होते. माहितीपट निवांतचा आहे, हे सांगणार होते."

"सकाळी माझी बाजू घेतली त्यांनी! माझी! आणि दुपारी निवांतच्या कॅमेऱ्यातली जुनी मेमरी कार्डं काढून बघत बसले. एक वाजता मला म्हणतात, पाचला फोन करतो, तोवर तूच कबूल हो. लोक माझं नाव घ्यायला लागून चार दिवस नव्हते झाले गं! मी वर गेलो, हातापाया पडलो. ऐकतच नव्हते. मग धरलं मी त्यांना, आणि..." त्यानं वाक्य सोडून दिलं. "रागात झालं. ठरवून नाही केलं मी."

कात्रीनं दुसऱ्या हातानं पडद्याकडे बोट दाखवलं.

"ठरवूनच केलंस. वर जाण्याआधी वीस मिनिटं तू कॅमेऱ्यासमोर बसलास. रागात माणूस स्लो मोशन लावत नाही."

तुफान थांबला. केबलचा शेवटचा वेढा मुठीवर घेतला. एक पाऊल पुढे आला.

"तुफान," डबी म्हणाली, "जरा हळू बोल. साहेबांना लिहून घ्यायला वेळ लागतोय."

तुफान गर्रकन दाराकडे वळला, पण किल्ली फिरवेपर्यंत पलीकडून दुसरी किल्ली फिरली होती. दारात दोन शिपाई होते, त्यांच्यामागून धावत आलेला कानसेन होता, आणि पलीकडच्या खोलीच्या उघड्या दारात स्टुलावर बसलेले इन्स्पेक्टर, गुडघ्यावर वही ठेवून.

"तुम्ही... तुम्ही तर खाली गेला होता," कात्री कशीबशी म्हणाली.

"गुडघा तयार झाला नाही. यांच्या खोलीत टेकलो." त्यांनी वही मिटली. "ते पेन मला झोपू देणार नव्हतं, बाई. दहा वेळा टेबलावरून पाडून बघितलं. कुठलंच तसं पडेना. फसवाफसवी आहे एवढं कळत होतं, कशी ते कळत नव्हतं. ते फक्त तुम्हालाच कळणार होतं. पण तुम्हाला एकटं सोडायला नको होतं, ती माझी चूक. हे दार उघडेपर्यंत माझाही जीव थाऱ्यावर नव्हता."

तुफाननं मुठीवरची केबल अजून सोडली नव्हती. शिपायानं ती वेढा वेढा करून काढून घेतली. कानसेन त्याच्याकडे बघत उभा होता.

"ते तुला या खोलीत खेळवायचे रे," तो म्हणाला. "मांडीवर घेऊन."

कात्री खुर्चीत बसली आणि हमसून हमसून रडली.

६

चारला दहा कमी असताना इन्स्पेक्टरांनी तिच्यासमोर जुना कागद ठेवला. "हा फाडू का? नवा लिहा."

"नको. त्यात खोटं काही नाही." तिनं पेन घेतलं आणि सहीच्या खाली एक ओळ वाढवली. "पण ताणलेली आहे." पुन्हा सही केली. या वेळी सही करण्याआधी तिनं सगळं दोनदा वाचलं.

निवांत बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात बुटांच्या नाड्या होत्या. त्याला सगळं कळलं होतं. पोलीस ठाण्याच्या पायरीवर तो बसला आणि पहिली नाडी ओवायला लागला.

"ताई, तू फोन उचलला असतास तर काय सांगितलं असतंस?"

"जाऊ नकोस म्हटलं असतं. गप बस जागेवर, म्हटलं असतं."

"मग मी नसतोच गेलो. पकडलंही नसतं मला." त्यानं नाडी ओढली. "आणि काका वर कुणाशी बोलत होते, ते कुणालाच कळलं नसतं."

हेडफोन असले तरी फोन उजळलेला कात्रीला दिसला होता; कुठल्याशा दोन सेकंदांच्या शॉटसाठी तिनं तो वाजू दिला होता. त्यातून भाऊ अडकला आणि त्यातूनच काकांचा खुनी सापडला, आणि यातलं एकही आपल्या हातात नव्हतं, याचीच तिला आता भीती वाटत होती.

निवांतची नाडी भोकातून निसटली. त्यानं टोक ओलं करून परत घातलं. मागे लोक खोळंबले होते, एक शिपाई खाकरला. निवांतनं दचकून वर बघितलं, बहिणीच्या तोंडाकडे, नेहमीचं ऐकायच्या तयारीनं.

ती त्याच्या शेजारी पायरीवर बसली.

"सावकाश घाल रे," ती म्हणाली. "मला काही घाई नाही."